निघताना त्याला पाहिलेली माणसं

आमच्या भागात अपघातात कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी पारावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "वेळच भरली होती त्याची." मला या वाक्याची चीड येते. पोरगा फाट्यावरच्या ढाब्यावर क्वार्टर मारून निघालेला असतो आणि त्याला झोकांड्या खात गाडीला किक मारताना चार जणांनी तरी पाहिलेलं असतं.

शहरात थर्टी फर्स्टला नाकाबंदी लागते, तोंडाला मशीन लावतात. तालुक्यापासून वाडीपर्यंतच्या रस्त्यावर रात्री पोलीस सोडाच, दिवाही नसतो. त्यात उसाचा सीझन. टायर फुटला म्हणून भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे रिफ्लेक्टर नाही, चाकाला फक्त दोन दगड. शुद्धीतल्या माणसालाही ती जवळ गेल्यावरच दिसते. पिऊन ट्रिपल सीट निघालेल्याला ब्रेकची आठवण होईपर्यंत गाडी ट्रॉलीखाली गेलेली असते. मग ग्रामीण रुग्णालय, तिथून "पुढे न्या", आणि जिल्ह्याचं गाव लांब.

कायदा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितलं होतं. पुढे छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं, मग आणखी सवलती मिळाल्या. आज आमच्या फाट्यावर परमिट रूमची पाटी लांबूनच चमकते.

रक्तात दारू निघाली की अपघात विम्याचा दावाही बहुधा अडकतो. मागे राहिलेली बाई बचत गटाचे हप्ते फेडत बसते. आणि रस्त्याच्या कडेने चालणारा म्हातारा उडवला गेला असेल, तर त्याने कुठे दारू प्यायली होती?

भावकीतल्या एका हळदीला माझ्या चुलतीने पुतण्याच्या बुलेटची किल्ली काढून कनवटीला खोचली. तो ओरडला, शिव्या दिल्या. बाप्ये म्हणाले, "जाऊ द्या काकू, रोजचंच आहे त्याचं." काकू हलली नाही. "सकाळी चहाला ये, तेव्हा देते." सकाळी तो आला, मान खाली घालून चहा प्यायला आणि किल्ली घेऊन गेला.

आता जत्रांचे, लग्नांचे दिवस आहेत. सरपंच, पोलीस पाटील, मंडळाची पोरं, तुम्ही मांडवाच्या दारात उभे राहा आणि पिऊन निघालेल्याची किल्ली घ्या. तो चिडेल, बोलेल. बोलू द्या. बाजाराच्या दिवशी फाट्यावर तपासणी लावा, असा अर्ज मी पोलीस ठाण्यात देणार आहे. सोबत सही करायला कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.