घरं महागली म्हणून सिटीची तिजोरी भरत नाही

कॅलिफोर्नियात एखाद्या शहराने अर्धा टक्का जादा सेल्स टॅक्ससाठी मतं मागितली, की बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मराठी ग्रुपांवर ठरलेला मेसेज फिरू लागतो: ‘घरं वीस-वीस लाख डॉलरची झाली, सेल्स टॅक्स दहा टक्क्यांवर गेला, तरी सिटीला पुरत नाही. सगळं पेन्शनमध्ये जातं. मतं पोलिसांच्या नावाने मागतात आणि पैसा भलतीकडे वळवतात.’ यातलं थोडं खरं आहे, बरंचसं चूक.

‘घरं महागली, म्हणजे टॅक्सही वाढला.’ तेवढा नाही वाढला. 1978मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रॉपोझिशन 13’ या कायद्याप्रमाणे मूळ प्रॉपर्टी टॅक्स करमूल्याच्या 1% असतो आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला फार तर 2% वाढतं. समजा, 1995 साली घर 3 लाखांना घेतलं. तीस वर्षांनी बाजारात ते 18 लाखांना जाईल, पण टॅक्ससाठी त्याची किंमत जास्तीत जास्त 5 लाख 43 हजार, म्हणजे टॅक्स साधारण 5,430 डॉलर. त्यातही शाळा, काउंटी (म्हणजे जिल्हा), स्पेशल डिस्ट्रिक्ट (पाण्यासारख्या एखाद्या सेवेसाठीची वेगळी संस्था) यांचे वाटे ठरलेले. सिटीच्या वाट्याला डॉलरमागे 15 सेंट येत असतील, तर या घराकडून वर्षाला मिळाले 815 डॉलर. फायर स्टेशनचे पगार आणि रस्त्याचं डांबर काही 2%च्या मर्यादेत वाढत नाही.

‘सेल्स टॅक्स दहा टक्के घेतात.’ घेतात, पण कोण? राज्यभर लागू असलेल्या 7.25%पैकी शहराच्या कारभाराला 1% मिळतो. ऑनलाइन खरेदीत तोही निसटू शकतो: विक्रेत्याचं गोदाम राज्यातच दुसऱ्या गावात असेल, तर तो 1% साधारणपणे त्या गावाला जातो. मतदारांनी मंजूर केलेला जादा टॅक्स मात्र माल जिथे पोचतो, त्या शहराचा. गाडीवरच्या टॅक्सचा दर नोंदणीच्या पत्त्यावरून ठरतो, त्यामुळे शेजारच्या गावात जाऊन घेतली तरी तो चुकत नाही. 40,000च्या गाडीवर अर्धा टक्का म्हणजे 200 डॉलर. किराणा, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि घरभाडं यांवर हा टॅक्स नाही. तरीही कमी उत्पन्नाच्या घराला तो जास्त जाचतो, हा आक्षेप रास्तच आहे.

सिटीच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा बोजा खरा आहे. पण टॅक्स नाकारल्याने तो हटत नाही, कारण आधी दिलेली हमी मोडणं जवळजवळ अशक्य असतं. स्टॉक्टन शहराने 2012मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हाही पेन्शन शाबूत राहिली. निवृत्तांचा आरोग्यविमा मात्र गेला. पोलिसांची संख्या तर त्याआधीच घटली होती.

‘भलतीकडे वळवतात’ यामागे कायद्याची रचना आहे. सिटीने मांडलेला सर्वसाधारण टॅक्स निम्म्याहून जास्त मतांनी मंजूर होतो, पण तो एका कामाला बांधता येत नाही. बांधला तर तो ‘स्पेशल टॅक्स’ ठरतो आणि त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणून स्टॉक्टनने 2013मध्ये दोन प्रश्न विचारले: ‘मेझर ए’मध्ये पाऊण टक्क्याचा टॅक्स आणि ‘मेझर बी’मध्ये त्यातला 65% पोलीस व गुन्हेगारी आटोक्यात आणण्यासाठी वापरावा, असा सल्ला. असा सल्ला सिटी कौन्सिलला, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभेला, बंधनकारक नसतो.

तेव्हा मतपत्रिकेवर दर, मुदत आणि वर्षाला अपेक्षित रक्कम नीट वाचा. तिन्ही छापावंच लागतं. टॅक्स मंजूर झाला तर मे-जूनमध्ये बजेटच्या सुनावणीला जा आणि पोलीस, फायर, रस्ते यांचे मागच्या वर्षीचे आकडे शेजारी ठेवून विचारा. नवं बजेट 1 जुलैला लागू होतं.