सावंतवाडीच्या राजवाड्यात आत जा

गोव्याला जाताना सावंतवाडीत गाडी थांबते, मोती तलावाच्या काठी फोटो होतात आणि समोरच्या राजवाड्याकडे एक नजर टाकून मंडळी पुढे निघतात. माझी कळकळीची विनंती आहे, आत जा.

जांभ्या दगडाचा हा वाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, अठराव्या शतकातला. सिंहासन, जुनी छायाचित्रं, हे इतर राजवाड्यांतही बघायला मिळतं. इथलं वेगळेपण दरबार हॉलमध्ये. तिथे चित्रकार मान खाली घालून गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची, गोल पानं रंगवत बसलेले असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका ताईंचा हात मत्स्यावताराच्या खवल्यांवर चालला होता. तासभर तिथून हलावंसंच वाटेना.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला जवळजवळ संपलीच होती. चितारी घराण्यांपैकी पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कलाकार तेवढे उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवींनी १९७०च्या दशकात त्यांच्याकडून ती शिकून घेतली, वाड्यातच काम सुरू केलं, गावातल्या मुलामुलींच्या हाती कुंचला दिला. जुन्या वास्तूचं जतन असं असावं, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या काचेच्या कपाटात ठेवली असती, तर गंजिफा फक्त बघायची वस्तू झाली असती.

किमतीवरून घासाघीस करणारे पाहिले की जीव तुटतो. दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे १२० चित्रं. सगळी हातानं काढलेली! पूर्वी तर कापडाला चिंचोक्याची खळ देऊन पानंही घरीच बनवायचे. आता गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, पण घेणारेच नसतील तर त्या कागदाचं काय करायचं?

मला आणखी एक वाटतं. सिंधुदुर्गातल्या प्रत्येक शाळेची सहल इथे यावी आणि मुलांनी एक डाव खेळूनच परत जावं. तिघांचा खेळ आहे. काही अवतारांत दहाचं पान मोठं, काहींत एक्का, त्यामुळे डोकं चांगलंच लागतं. आणि दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो पहिली उतारी करतो, दिवे लागल्यावर मात्र कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. हे ऐकल्यापासून माझी भाची संध्याकाळ व्हायची वाट बघत बसते.