आधी मारा, मग घासा, मग पुन्हा मारा

घरी खरकटं विसळून भांडी घासतात. आमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये खरकटंच जिवंत असतं. त्यामुळे वापरलेल्या प्लेटा आणि नळ्या आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, घालून त्यातली वस्ती मारायची: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, निदान २० मिनिटं. घासणं त्यानंतर.

अगार, म्हणजे ज्या जेलीवर जंतू वाढवतात ती, पातळ असतानाच बादलीतल्या पिशवीत ओतावा, बेसिनमध्ये नाही. तो वितळतो ८५ अंशांच्या आसपास आणि गोठतो चाळिशीच्या खाली. म्हणजे पाइपाच्या वळणापर्यंत गुमान जातो आणि तिथे ठाण मांडतो. प्लंबरला काय सांगणार, आत समुद्री शेवाळाची जेली बसलीय म्हणून?

मग साबण आणि ब्रश. नळाच्या पाण्याने तीनदा, डिस्टिल्ड वॉटरने तीनदा खंगाळायचं. काचेवर पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर फ्लास्क स्वच्छ. थेंब थेंब तुटले तर तेलकटपणा आहे, घासा पुन्हा. जुने लोक अशा वेळी क्रोमिक ॲसिडची आठवण काढून हळवे होतात. मी होत नाही. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, आणि ते सांडल्यावर लॅबकोटला पडणारी भोकं कुठल्याही फॅशनमध्ये बसत नाहीत. जंतूंनी सोडलेला वायू पकडणाऱ्या डरहॅम ट्यूबबद्दल न बोललेलं बरं. करंगळीच्या पेराएवढी ती नळी ब्रशला दाद देत नाही, बेसिनच्या जाळीतून मात्र अलगद निसटते.

आता दुसरी फेरी. कोरड्या प्लेटा आणि पिपेट कागदात गुंडाळून हॉट एअर ओव्हनमध्ये, १६० अंशांना दोन तास. हे दोन तास काटा १६० वर पोचल्यापासून मोजायचे, बटण दाबल्यापासून नव्हे. घोळ नेमका इथेच होतो. मीडियाचे, म्हणजे जंतूंच्या खाद्याचे, फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये, दोन तृतीयांशापेक्षा जास्त न भरता. बुचाला पाणी न शोषणारा कापूस लागतो. औषधाच्या दुकानातला मऊ कापूस वाफ पिऊन ओला होतो, आणि ओल्या बुचातून जंतू आरामात आत येतात. स्क्रूची झाकणं थोडी सैल ठेवा.

खरा दगाबाज म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये अडकलेली हवा. ती निम्मीच बाहेर गेली, तर काटा १५ पौंड दाखवतो आणि आत जेमतेम ११२ अंश असतात. उलट शेवटी घाईने वाफ सोडली की मीडिया उसळतो, बुचं उडतात.

ऑटोक्लेव्ह टेपवर काळे पट्टे उमटले म्हणून हुरळू नये. उष्णता लागली, इतकंच तो टेप सांगतो. खरी परीक्षा जिओबॅसिलस या जिवाणूच्या, उष्णतेला सहजी न मरणाऱ्या बीजाणूंची: त्यांची पट्टी भांड्यांच्या मधोमध ठेवायची, नंतर काढून ५५ ते ६० अंशांवर उबवायची आणि काहीही उगवू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. शेजारच्या बॉटनीवाल्यांना हा आनंद समजावता येत नाही.