दहा हजार दिरहम, करमुक्त: दुबईच्या फिरत्या हिशेबाला उत्तर

दुबईच्या नोकरीबद्दलचा एक मजकूर मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत आणि रील्समध्ये सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. दुबईत दहा हजार दिरहम पगार म्हणजे महिना जवळजवळ अडीच लाख रुपये, तेही करमुक्त. इथे तीस टक्के सरकारच कापून घेतं. राहण्याचं, विम्याचं कंपनी बघते. सोडताना ग्रॅच्युइटीची घसघशीत रक्कम हातात पडते. एजंटला दीड-दोन लाख गेले तरी दोन महिन्यांत वसूल. भारतात मग कसलाच कर भरायचा नाही. नोकरी गेली तर दुसरी लगेच मिळते. आणि शेवटी: पाच वर्षं काढा, परत येऊन निवांत बसा.

जाऊ नका, असं मला अजिबात म्हणायचं नाही. खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी राहिली आहेत. पण हा हिशेब खरा मानून हातातली नोकरी सोडणाऱ्याला पहिल्या सहा महिन्यांतच कर्ज काढायची वेळ येऊ शकते. म्हणून एकेक मुद्दा तपासू. सोयीसाठी एक दिरहम 24 रुपये धरतो.

आधी कराचं. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही, हे पूर्ण खरं आहे. 2018 पासून खरेदीवर 5 टक्के व्हॅट आहे, तेवढाच. चूक आहे ती ‘इथे तीस टक्के सरकार कापतं’ या भागात. भारतात नव्या करप्रणालीत 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर प्राप्तिकर शून्य आहे. पुण्यात बारा लाखांवर काम करणाऱ्या मुलाचा दुबईला जाऊन एक रुपयाही कर वाचत नाही, कारण तो मुळात भरतच नव्हता. पंचवीस लाखवाल्याचं काय? त्याला साधारण 3 लाख 20 हजार भरावे लागतात, म्हणजे तेरा टक्क्यांहूनही कमी. तीस टक्के हा सर्वांत वरच्या टप्प्याचा दर आहे आणि तो फक्त 24 लाखांच्या वरच्या रकमेला लागतो. ज्यांचा पगार पन्नास-साठ लाखांत आहे त्यांना करमुक्तीचा फायदा मोठा होतो, पण दहा हजार दिरहमच्या ऑफरचा विचार करणारे सहसा त्या गटातले नसतात.

आता राहणं. कंपनी घर देते का, हे ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं. बांधकाम, हॉटेल, कारखाने इथे कामगारांना बहुतेकदा निवास मिळतो. ऑफिसच्या नोकरीत मात्र ‘हाउसिंग अलाउन्स’ असतो आणि तो त्या दहा हजारांतच धरलेला असतो. म्हणजे घर तुम्हीच शोधायचं.

समजा कुटुंबासाठी वर्षाला 60 हजार दिरहम भाड्याचं एक बेडरूमचं घर घेतलं. दुबईत भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यायचे असतात. चार चेक ठरले तर पहिला 15 हजारांचा. एजंटचं कमिशन साधारण 5 टक्के, म्हणजे 3 हजार. घरमालकाकडे डिपॉझिट 5 टक्के, आणखी 3 हजार. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी अनामत 2 हजार. एकूण 23 हजार दिरहम, साडेपाच लाख रुपये, आणि अजून घरात गादीसुद्धा आलेली नाही. शिवाय महापालिकेचं घरशुल्क वार्षिक भाड्याच्या 5 टक्के. ते वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा 250 दिरहम असं जात राहतं. एजंटपासून नातेवाइकापर्यंत कुणीच ही सुरुवातीची रक्कम आधी सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो. ती हाताशी नसली की माणूस पोचताच क्रेडिट कार्डावर किंवा वैयक्तिक कर्जावर उभा राहतो.

पुढे दरमहा सव्वापाच हजार घरात जातात. उरलेल्या पावणेपाच हजारांत वीज, किराणा, प्रवास, फोन, मुलाची शाळा आणि वर्षातून एकदा मुंबईचं विमानभाडं बसवायचं. सरकारी शाळेचा आधार आपल्या मुलांना जवळजवळ नसतो. खासगी शाळाच घ्यावी लागते. प्रत्येक शाळेची फी दुबईच्या शिक्षण प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जाहीर असते. जाण्याआधी घरी बसून ती पाहता येते, आणि पाहावीच. विमाही नीट वाचा: दुबईत कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा काढणं कंपनीला बंधनकारक आहे, पण बायको-मुलांना तुमच्या व्हिसावर नेलंत तर त्यांचा विमा तुमच्या खिशातून. कुटुंब नेण्यासाठी 4 हजार दिरहम पगार पुरतो, असं त्या मजकुरात पुढे असतं. नियम म्हणून ते बरोबर आहे. त्या पगारात तिथे संसार चालतो, असा त्याचा अर्थ नाही.

एकटा माणूस शेअरिंगच्या खोलीत राहिला, डबा लावला, तर याच दहा हजारांतून अर्धे मागे टाकू शकतो. अशांसाठी त्या मजकुरातलं गणित बरंचसं जमतं. फक्त खोली कायदेशीर आहे ना, हे बघावं. 2025 च्या जूनमध्ये दुबई महापालिकेने अल रिग्गा, सतवा, अल बरशा अशा भागांत बेकायदा पार्टिशनच्या खोल्यांवर कारवाई सुरू केली, आणि तिथे राहणाऱ्यांना पर्यायी जागा शोधत धावावं लागलं.

ग्रॅच्युइटीच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त फसगत होते. कायदा असा: एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा आणि त्यापुढे 30 दिवसांचा पगार. पण हा पगार म्हणजे फक्त बेसिक, म्हणजे भत्ते वगळून उरणारा मूळ पगार. दहा हजारांच्या पॅकेजमध्ये बेसिक 4 हजार असेल तर वर्षाचे 2,800 दिरहम होतात, पाच वर्षांचे 14 हजार. म्हणजे सुमारे 3 लाख 36 हजार रुपये. परदेशी कर्मचाऱ्याला तिथे पीएफ नाही. याउलट पुण्यात 40 हजार बेसिक असलेल्याच्या पूर्ण बेसिकवर कंपनी 12 टक्के पीएफ भरत असेल, तर पाच वर्षांत कंपनीचा वाटाच 2 लाख 88 हजार होतो. वर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 1 लाख 15 हजार. व्याज न धरता चार लाख झाले, तेही निम्म्याहून कमी पगारात. त्यामुळे ज्याला तिथून म्हातारपणाची तरतूद करायची आहे त्याने ती पगारातून स्वतः बाजूला काढायची आहे, पहिल्या महिन्यापासून.

एजंटच्या दीड लाखाबद्दल तर बोलायलाच हवं. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं अमिरातीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. दीड लाख मागणारा माणूस तिथेच कायदा मोडतो आहे. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला आखाती देशांत नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देश सोडून कामाला जाण्याची सरकारी मंजुरी, लागतो. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ हा सल्ला बहुतेकदा तीच पायरी टाळण्यासाठी दिला जातो. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पकडला गेलेला मुलगा पगाराची तक्रार घेऊन कुठे जाणार? गावाकडे दागिने मोडून भरलेले पैसे असतात ते. तो सल्ला देणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असायला हवं.

‘भारतात कर नाही’ हेही अर्धवटच. नोकरीसाठी देश सोडणारा त्या आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात असेल तर त्या वर्षापुरता तो कराच्या दृष्टीने भारताचा रहिवासीच राहतो. ऑक्टोबरच्या मध्यात निघालात तर मार्चपर्यंतचा दुबईचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघालात तर तो प्रश्न येत नाही. अनिवासी झाल्यावर इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं. इथला फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाडेकरूने तीस टक्क्यांहून जास्त टीडीएस कापायचा असतो. शिवाय वर आलेली, कर शून्य करणारी सूट अनिवासींना मिळत नाही. घरी आईवडील असतील तर ही कागदपत्रं निघण्यापूर्वी त्यांना समजावून सांगा. नोटीस त्यांच्या पत्त्यावर येते.

त्या मजकुरात एक गोष्ट नसते आणि ती जाणाऱ्यांच्या बाजूची आहे. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. 2015 मध्ये एका दिरहमला साडेसतरा रुपयांच्या आसपास मिळत. रुपया घसरला की तिथली बचत इथे आपोआप वाढते. पण फक्त बचत. भाडं, फी, भाजी यांत गेलेल्या दिरहमला चोवीसने गुणून काही हाती लागत नाही.

राहिली नोकरी जाण्याची गोष्ट. तिथलं वास्तव्य नोकरीला बांधलेलं असतं आणि कुटुंबाचा व्हिसा तुमच्या व्हिसाला. व्हिसा रद्द झाल्यावर दुसरी नोकरी शोधायला अनेकांना साठ दिवस मिळतात, काही वर्गांना जास्त. दुसरी लगेच मिळाली तर उत्तमच, पण भाड्याचे चेक तेवढ्यात वटत राहतात. 2023 पासून बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. सलग बारा महिने हप्ते भरलेले असतील आणि नोकरी तुम्ही सोडलेली नसेल, तर बेसिकच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. बेसिक 4 हजार असेल तर महिना 2,400, आणि घराचं भाडं 5 हजार. बेसिक 6 हजार असेल तर हेच 3,600 होतात आणि पाच वर्षांची ग्रॅच्युइटी 14 ऐवजी 21 हजार. पॅकेजचा आकडा तोच ठेवून बेसिक वाढवून मागता येतं, आणि ते सही करण्याआधीच मागायचं असतं. भाड्यासाठी आगाऊ रक्कम, वर्षाचं विमानभाडं, बायको-मुलांचा विमा हेही त्याच ईमेलमध्ये विचारा आणि उत्तर लेखी घ्या.