शटर भिंतीला टेकलेलं, लॉक मात्र लागलेलं

‘जुना बडोदेकर’ या नावाने लिहिणाऱ्या काकांनी माझ्या खिडक्यांच्या कुलपांवरच्या लेखाखाली चांगलीच खरपूस प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काचेच्या खिडकीला लॉक लावणं हा वेडेपणा, चोर सरळ काच फोडील. घराला ग्रिल असताना हे नवं खूळ कशाला? दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरात साठ वर्षं साध्या कड्यांवर निभावलं. आग लागली तर आतली माणसं कुठून बाहेर पडणार, सुरतेचं विसरलात का? आणि जाता जाता, ‘ताई, कंपनीकडून टक्के किती मिळतात?’

काका, टक्क्यांचं आधी सांगून टाकते. त्या लेखात मी ज्या दोन वस्तूंचं सगळ्यात जास्त कौतुक केलं, त्यातली एक स्क्रू आणि दुसरी झाडूचा तुटका दांडा. यांवर कमिशन देणारी कंपनी तुम्हाला कुठे आढळली तर मला जरूर कळवा.

आता काच. तुमचा हा मुद्दा बिनतोड वाटतो, आणि २०२३च्या उत्तरायणापर्यंत (म्हणजे आमच्याकडची पतंगांची संक्रांत) मीही हेच म्हणायचे. आमचं मांजलपूरला टेनामेंट आहे, म्हणजे ओळीतलं, स्वतःची गच्ची असलेलं घर. १४ जानेवारीला बडोद्यात कोण घरात असतं? आम्ही सगळे आमच्याच गच्चीवर होतो, स्पीकर, चिक्की, उंधियू आणि ‘काप्यो छे’च्या आरोळ्या. चारच्या सुमारास सासूबाई चहा टाकायला खाली गेल्या आणि जिन्यातूनच मला हाक मारली. चोकडीकडे (मागच्या धुण्याभांड्याच्या मोरीकडे) उघडणारी स्वयंपाकघराची सरकती खिडकी सताड उघडी. उघडी म्हणजे सरकवलेली नव्हे. एक अख्खं शटर, म्हणजे काचेचा सरकता पल्ला, ट्रॅकमधून काढून चोकडीच्या भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं. काचेला तडा नाही, ॲल्युमिनियमवर ओरखडा नाही. खिडकीखाली ओव्याची कुंडी होती, ती उचलून बाजूला ठेवलेली, मातीसुद्धा सांडलेली नाही. आणि मी वाकून बघितलं तर टचलॉकचा, म्हणजे शटरच्या कडेतल्या खटक्याच्या लॉकचा, आकडा (हूक) बाहेरच. म्हणजे लॉक लागलेलं होतं! लॉक लावूनच आम्ही वर गेलो होतो, आणि ते शेवटपर्यंत लागलेलंच राहिलं.

गेलं काय, तर दोन मोबाइल, चांदीचं निरांजन आणि डब्यातले दुधाचे पैसे. निरांजन आजेसासूबाईंचं होतं. असो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी दुसरं शटर दोन्ही हातांनी धरलं, अर्धा इंच वर उचललं, खालची कड आपल्याकडे ओढली आणि शटर हातात. ‘बेन, आ तो ऊंचकीने काढी लेवाय’ (हे तर उचलून काढता येतं), म्हणाले, तेही अगदी थंडपणे. सरकत्या खिडकीचं शटर बसवताना आधी वरच्या ट्रॅकमध्ये घालून मग खाली टेकवावं लागतं, म्हणून वरच्या ट्रॅकमध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. बसवायची जी वाट, तीच काढायची. टचलॉक शटरला आडवं सरकू देत नाही, पण उभं उचललं तर आकडा आपल्या खाचेतून सुटतो.

त्यांनी वरच्या ट्रॅकच्या त्या मोकळ्या जागेत, शटर बंद असताना त्याच्या डोक्यावर येतील असे दोन स्क्रू मारले, डोकी खाली लोंबती ठेवून. शटर खालून सहज सरकतं, पण उचलायला गेलं की स्क्रूला अडतं. काम दहा मिनिटांचं.

तर काका, काच त्या चोरासमोरही होती. त्या दिवशी गच्चीवरचा गोंगाट असा, की चार काचा फुटल्या असत्या तरी आम्हाला पत्ता लागला नसता. तरी त्याने फोडली नाही. फुटलेल्या काचेतून आत शिरायचं तर चौकटीतले तुकडे एकेक काढावे लागतात, हात कापतो, आणि शेजारचं कोणी नेमकं तेव्हाच पाणी प्यायला खाली आलेलं असू शकतं. बिनआवाजाची वाट मोकळी असताना तो हे सगळं का करेल? मला लॉक हवं ते ही मुकी वाट बुजवायला. त्यानंतरही कोणी काच फोडलीच तर फोडली, निदान मोहल्ल्याला ऐकू तरी जाईल.

हे माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही. युरोपात दारं-खिडक्या घरफोडीला किती दाद देतात हे तपासायला ईएन १६२७ नावाचं मानक आहे. त्यातल्या आरसी-२ या पायरीला खिडकीने स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा साध्या हत्यारांसमोर तीन मिनिटं टिकायचं असतं, आरसी-३ला पहार आली की पाच मिनिटं. तीन मिनिटं म्हणजे दूध उतू जाण्याइतकाही वेळ नाही, तरी एवढ्यासाठी त्यांनी एक पायरी बनवली. आणि त्यात आरसी-२ एन असा एक पोटभेद आहे, ज्यात काचेवर काही अटच नाही, साधी काच चालते. चौकट, आकडे आणि बिजागऱ्या तेवढ्या मजबूत हव्यात. म्हणजे साध्या काचेच्या खिडकीलाही नीट लॉक लावण्यात अर्थ आहे, हे त्यांनी कागदावर मान्य केलंय. काचेचीच भीती वाटत असेल तर लॅमिनेटेड काच घ्या. तिच्या दोन थरांमध्ये चिवट पडदा असतो, फुटली तरी जागची हलत नाही. टफन्ड घेऊ नका. ती माणसाला इजा होऊ नये म्हणून असते. टोकदार ठोका बसला की तिचा साबुदाणा होतो आणि चोराला वाट साफ करून मिळते.

अजून एक गोष्ट मूळ लेखात लिहायची राहिली होती, तुमच्या निमित्ताने लिहिते. पोलिसांनी घरफोडी नोंदवून घेतली, त्यांना काही शंका नव्हती. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती, आणि तिच्या कलम ४४५खालच्या उदाहरणांत सरळच म्हटलंय की दुसऱ्याच्या घरात खिडकीतून शिरणं ही घरफोडी. (१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे घरफोडीची व्याख्या कलम ३३०मध्ये आहे.) आम्ही निर्धास्त होऊन विमा कंपनीकडे गेलो. त्यांचा माणूस आला, खिडकीचे चार फोटो काढले आणि विचारलं, ‘जबरदस्तीने शिरल्याची खूण कुठाय?’ खूण नव्हती. दावा फेटाळला. मी भांडायला निघाले होते, पण वकील दिरांनी शांत केलं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका विमा प्रकरणात हे स्पष्ट केलंय की पॉलिसीत बळाने शिरल्याची अट असेल तर नुसती चोरी पुरत नाही, बळ वापरलेलं दिसलं पाहिजे. फौजदारी कायद्याला खिडकी पुरते, पॉलिसीला ओरखडा लागतो. आमच्या सभ्य चोराने तोच ठेवला नाही. वरच्या ट्रॅकमध्ये ते दोन स्क्रू असते तर एक तर तो परत गेला असता, नाहीतर काहीतरी वाकवून, फोडून आत आला असता आणि मला निदान दावा तरी मिळाला असता. तुमची पॉलिसी काढून ती अट एकदा वाचा, बारीक अक्षरात असते.

आता ग्रिल. आमच्या त्या खिडकीला नव्हती. चोकडीला स्वतःची भिंत आहे म्हणून बिल्डरने वाचवली आणि आम्हीही गप्प बसलो, ही चूक कबूल. बाकी सगळीकडे ग्रिल आहे. पण तुम्ही कधी बाहेर जाऊन ग्रिलकडे बघितलंय का काका? आमच्या लाइनीतल्या निम्म्या घरांना ग्रिल लाकडी चौकटीवर बाहेरून स्क्रूने बसवलेली आहे, आणि स्क्रूची डोकी रस्त्याकडे तोंड करून. ज्याने बसवली तो ज्या स्क्रूड्रायव्हरने बसवून गेला, त्यानेच दुसरा कोणी काढून जाईल. डोकी वेल्डिंगने बुजवा किंवा होल्डफास्ट (ग्रिलला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या) भिंतीत गाडून घ्या, मग ग्रिलच्या भरवशावर झोपा. संडास-बाथरूमच्या लुव्हरच्या, म्हणजे तिरक्या काचपट्ट्यांच्या खिडकीच्या, पट्ट्यांचंही तेच. ॲल्युमिनियमच्या पकडी बोटांनी वाकवल्या की पट्ट्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकेक निघतात. तिथे आतून जाळी ठोका.

आणि तुमच्या दांडिया बाजारच्या साठ वर्षांबद्दल. काका, माझं माहेर रावपुऱ्यातलं, मला ती खिडकी माहीत आहे. जाड सागवानी पाटे, आत उभे लोखंडी गज, आणि दिवेलागणीला आजी मधून आडवा घालायची तो अडसर. कडी होतीच, पण कडी वाऱ्यासाठी होती. माणसासाठी अडसर होता. तुमच्या घरातही असणार, आठवून बघा. खालच्या ट्रॅकमध्ये झाडूचा दांडा कापून बसवा असं मी लिहिलं ते तुम्हाला खूळ वाटलं, पण तो अडसरच आहे, फक्त मधून न घालता खाली ठेवलेला. शिवाय त्या वाड्यात दिवसरात्र कोणीतरी ओसरीवर असायचं. माझ्या लाइनीत दुपारी अकरा ते पाच माणूस दिसत नाही.

दांड्याबाबत मात्र माझ्या लेखात अर्धवट माहिती गेली. दांडा फक्त आतल्या ट्रॅकच्या शटरला अडवतो. बाहेरच्या ट्रॅकमधलं शटर मोकळंच राहतं, आणि त्याच्यासाठी दांडा घालायचा तर तो पडतो काचेच्या बाहेर, म्हणजे चोराच्या हाताशी. तेव्हा दोन शटरं जिथे एकावर एक येतात तिथल्या उभ्या पट्टीला आतून भोक पाडायचं, आतल्या शटरच्या आरपार आणि बाहेरच्याच्या अर्ध्यापर्यंत, आणि त्यात जाड पिन घालायची. दोन्ही शटरं एकमेकांना जखडतात. चार इंच उघडं ठेवून दुसरं भोक पाडून घेतलं की रात्री वाराही येतो. भोक मिस्त्रीकडूनच पाडून घ्या, नवऱ्याकडून नको. (आमच्याकडे एक काच अशीच गेली.)

आगीचं तुम्ही म्हणता ते मला मान्य. २४ मे २०१९ला सुरतेच्या तक्षशिला इमारतीतल्या क्लासच्या आगीत २२ मुलं गेली. खालून वाट बंद झाली म्हणून त्या दिवशी मुलं खिडक्यांतूनच उड्या टाकत होती, ते टीव्हीवर बघितलेलं मी तरी विसरणार नाही. आणि मी काय लिहिलं होतं? ‘किल्ल्या कपाटात ठेवा.’ धुरात कपाट कुठलं सापडायला! ते वाक्य आज काढून टाकलंय. झोपायच्या खोलीत किल्लीचं लॉक लावूच नये, पिन किंवा बोटाने उघडणारा बोल्ट लावावा. किल्लीचं लावायचंच असेल तर किल्ली त्याच खोलीत, खिडकीपासून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, कायम एकाच खिळ्याला, आणि ती घरातल्या सगळ्यांना, कामवाल्या बाईंनासुद्धा, अंधारात चाचपून सापडली पाहिजे. मात्र एक गोष्ट तुम्हीही माना. आगीत माझ्या लॉकपेक्षा तुमची बंद ग्रिल जास्त अडवेल. प्रत्येक मजल्यावर निदान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप हवी. आम्ही गेल्या वर्षी पुढच्या खोलीत करून घेतली आणि दर दिवाळीच्या साफसफाईला ती उघडून बघतो, नाहीतर गंजून बसते.

तुम्ही लिहिलंय की आता मुलाकडे गोत्रीला फ्लॅटमध्ये असता आणि तिथे सगळ्या खिडक्या सरकत्या आहेत. या रविवारी मुलगा घरी असताना त्याला एक करायला सांगा. एकट्याने नको, शटरला वजन असतं. पॅसेजकडची खिडकी बंद करून आतून शटर दोन्ही हातांनी धरायचं आणि सरळ वर उचलायचं. खालची कड ट्रॅकमधून सुटली तर मला लिहा, आमच्या मिस्त्रींचा नंबर पाठवते. सुटली नाही तरी लिहा, मग तुमच्याकडे ज्याने काम केलं त्याचा नंबर मला हवा आहे.