भेटायची वेळ ५ ते ५.३०

आयसीयूतल्या पेशंटच्या नवऱ्याला किंवा बायकोला दिवसातून अर्धा तासच आत सोडायचं, हा नियम मोडीत काढायला हवा, असं माझं स्पष्ट मत झालंय. डॉक्टर मित्रमैत्रिणी चिडतील. चिडू देत.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसची, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली होती, आठवत असेल. दोनशेच्या वर पेशंट होते, त्यातला एक माझा नवरा. आधी पोट बिघडलं, ते बरंही झालं. मग आठवड्याभराने एका सकाळी त्याच्या पायात चप्पल टिकेना आणि संध्याकाळपर्यंत जिना चढवेना. या आजारात जंतूंशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. अशक्तपणा बहुतेकदा पायांपासून वर सरकत जातो आणि छातीपर्यंत आला की व्हेंटिलेटर लागतो. आम्हाला लागला. त्यावर शिरेतून द्यायच्या आयव्हीआयजी (अँटीबॉडीजच्या) इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो आणि साधारण पाच दिवस चालतो. इतकी वर्षं मी त्याच्या वजनावरून कटकट करायचे ती तब्येतीसाठी. बिलालाही त्याचा भार होतो हे तेव्हा कळलं.

पण पैशांबद्दल सगळेच बोलतात. जीबीएसमधली खरी भयंकर गोष्ट ही की डोकं शाबूत असतं. घशात नळी असल्याने आवाज नाही, हातपाय हलत नाहीत, आणि ऐकू मात्र सगळं येतं. नसांच्या वेदना होतात, त्याही पूर्ण शुद्धीत. पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून लोक त्याच्या डोक्यावरून बोलत असतात, ‘याचं बीपी का असं करतंय?’ आणि तो ते ऐकत असतो.

मला संध्याकाळी पाचला आत सोडायचे. त्यातली दहा मिनिटं चपला काढणं, गाऊन, मास्क, हात धुणं यात जायची. एकदा गेले तर तो डोळे सारखे फिरवत होता. सिस्टर म्हणाल्या, ‘आज फार अस्वस्थ आहेत, सरांना कळवलंय, झोपेचं औषध देतील.’ माझ्या पर्समध्ये घरून लिहून आणलेला कागद होता. त्याच्यावर क-ख-ग-घ एका ओळीत, च-छ-ज-झ दुसऱ्या ओळीत, असं सगळं. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही, हे आमचं ठरलेलं. ओळ विचारायची, मग अक्षर. आधी प आला, मग ठ. मग ख आणि ज. पाठ खाजतेय! सिस्टरांनी आणि मी मिळून त्याला कुशीवर घेतलं, चादरीला मोठी घडी पडली होती, ती सरळ केली, पाठ खाजवली. बीपी खाली आलं. झोपेच्या औषधाची गरजच उरली नाही. आणि तेवढ्यात सिक्युरिटीवाले दादा दारात, ‘मॅडम, टाइम झाला.’

त्या सिस्टरांवर माझा काडीचा राग नाही. बाजूच्या बेडवरही तसाच पेशंट, तिकडचा मॉनिटर सारखा ओरडतोय, त्यात ओळीओळीने अक्षरं विचारत बसायला त्यांना वेळ कुठला? मला होता. मी दाराबाहेर लोखंडी खुर्चीवर दिवसभर बसूनच होते. ‘अमुक पेशंटचे नातेवाईक कोण?’ अशी हाक आली की उठायचं, मेडिकलमधून औषध आणायचं, नाहीतर कुठेतरी सही करायची. सही करायला नातेवाईक चालतो.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: इन्फेक्शन. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंमध्ये याचीच पाहणी झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जवळच्या नातेवाइकांना दिवसाचे बारा तासांपर्यंत आत येऊ दिलं, आधी त्यांना आयसीयूबद्दल नीट समजावून सांगितलं. इन्फेक्शन वाढलं नाही. पेशंटचं भ्रमात जाणं कमी होईल अशी आशा होती, तसा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगते. नातेवाइकांची चिंता आणि नैराश्य मात्र कमी झालं.

दुसरं उत्तर, ‘आपल्याकडे एकाला सोडलं की मागून गाव येतं.’ हे खरंय. आमच्याकडेच चुलत सासऱ्यांपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळे नारळपाणी घेऊन हजर, आणि पेशंटच्या नाकात नळी! त्यांना जरूर अडवा. एकाच माणसाच्या नावाने पास द्या, हात कसे धुवायचे ते शिकवा, राउंडच्या वेळी बाहेर काढा, काही तातडीचं झालं तर हाकलून द्या. कोण तक्रार करणार आहे?

माझा खरा संताप पुढचा आहे. व्हेंटिलेटर निघाला, त्याला वॉर्डात हलवलं आणि त्याच हॉस्पिटलने सांगितलं, ‘चोवीस तास नातेवाईक लागेल हं, नाहीतर प्रायव्हेट आया लावा.’ नळीतून पातळ आहार देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, भांडं देणं, पाऊल लोंबू नये म्हणून स्प्लिंट बांधणं, सगळं माझ्याकडे. शिकवलं कुणी? शेजारच्या बेडवरच्या आजोबांच्या सुनेने. काल मी इन्फेक्शनचा धोका होते, आज बिनपगारी कर्मचारी. आयसीयूत रोज दोन-तीन तास उभं राहू दिलं असतं तर हेच सगळं मी तिथल्या सिस्टरांचं बघून शिकले नसते का?

तो आता काठीशिवाय चालतो. पायाच्या बोटांना अजून मुंग्या येतात.

कुणाचं माणूस आत्ता नळीवर असेल तर कागद असा करा. अक्षरं जाड स्केचपेनने, बोटभर उंचीची. काना-मात्रा सोडून द्या, अंदाजाने कळतात. वरच्या ओळीत नेहमी लागणारे शब्द आख्खे लिहा: दुखतंय, कफ, गरम होतंय, कूस, लाइट बंद. त्याचा चष्मा आत पाठवा, तो हमखास घरीच राहतो. आणि कागदाची एक झेरॉक्स सिस्टरांकडे द्या, ‘वर बघितलं की हो’ हे त्यावर ठळक लिहून.