होतकरू शिकाऊ बँकरांसाठी काही उपयुक्त सूचना

बँकेत करिअर करायचं ठरवलंत, उत्तम केलंत. सुरुवात इंटर्नशिपपासून करायची. किंवा अप्रेंटिसशिपपासून. किंवा ट्रेनी म्हणून. तिन्हींत नेमका फरक काय, हे इंटरव्ह्यूत चुकूनही विचारू नका. समोरच्यालाही ठाऊक नसतं, आणि पहिल्याच भेटीत साहेबांना पेचात टाकणाऱ्या मुलाचं पुढे काही खरं नसतं.

रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप मिळाली असेल तर हा लेख इथेच सोडून द्या. महिना २० हजार रुपये घ्यायचे, एखादा प्रोजेक्ट करायचा आणि बायोडेटात ती ओळ ठळक अक्षरांत टाकायची. तुमचं आमचं जमणार नाही. बाकीच्यांनी पुढे यावं.

गर्दी कुठे आहे ते आधी पाहू. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तेव्हाच्या अटी अशा: वय २१ ते २४, मुदत एक वर्ष आणि महिन्याला ५,००० रुपये. त्यातले ४,५०० सरकारचे, ५०० कंपनीचे. म्हणजे कंपनीला तुम्ही दिवसाला साधारण एका वडापावच्या भावात पडता. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. वडापावला कोणी सर्टिफिकेट देत नाही, तुम्हाला मिळणार आहे.

अप्रेंटिसचं गणित जरा बरं. स्टेट बँकेने २०२३ मध्ये ६,१६० अप्रेंटिसची जाहिरात काढली होती. वर्षभराची मुदत, महिना १५,००० स्टायपेंड, बाकी भत्ते काही नाहीत. परीक्षा १०० प्रश्नांची, वेळ ६० मिनिटं, वर स्थानिक भाषेची चाचणी. त्यासाठी क्लास लावा. क्लासची फी किती आणि स्टायपेंडमधून ती कधी वसूल होणार, हे गणित मात्र परीक्षेत येत नाही, त्यामुळे त्याचा सराव करण्याची गरज नाही.

आता कायद्याचं एक कलम पाठ करा, फार उपयोगी आहे. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा, कलम १८. त्यानुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. हे कलम म्हणजे शाखेतलं सगळ्यात लवचिक हत्यार. पगार, बोनस, पीएफ असे शब्द तुमच्या तोंडून निघाले की तुम्ही प्रशिक्षणार्थी. सोमवारी अकरा वाजता काउंटरपुढची रांग दारापर्यंत गेली की तुम्ही स्टाफ. दोन्ही भूमिका एकाच खुर्चीवर बसून करायच्या असतात. खुर्ची मिळाली तर.

ज्यांना स्टायपेंडची ही भानगड नको आहे, त्यांच्यासाठी काही खाजगी बँकांनी जास्त सन्मानाची वाट काढली आहे. तिथे तुम्हाला पैसे मिळत नाहीत, तुम्हीच द्यायचे असतात. काही महिन्यांचा निवासी कोर्स, काही लाखांची फी, कोर्स संपला की त्याच बँकेत नोकरी. एवढे पैसे आणायचे कुठून, अशी काळजी नको; बऱ्याचदा कर्जाची सोयही तीच बँक करते. नोकरीला लागलात की पगारातून हप्ता कापला जातो. या योजनेचं सौंदर्य नीट समजून घ्या, कारण इथे पहिल्यांदा खरं बँकिंग शिकायला मिळतं. बँकेला कर्मचारी मिळाला, ग्राहक मिळाला, कर्जदार मिळाला, आणि वसुलीसाठी त्याच्या घरी माणूस पाठवायची गरज नाही, कारण तो रोज सकाळी साडेनऊला स्वतःच हजर होतो. नोकरी सोडावीशी वाटली तर हप्ते डोळ्यांपुढे येतात आणि मन आपोआप स्थिर होतं. विपश्यनेला जायची गरज उरत नाही.

(बॉण्डची, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर ठरलेली रक्कम भरण्याच्या हमीची, पद्धत जुनी आणि बाळबोध. स्टेट बँकेचा पीओ, म्हणजे नवा प्रोबेशनरी ऑफिसर, तीन वर्षांसाठी २ लाखांचा बॉण्ड लिहून देतो. निदान त्याला आधी पगार तरी सुरू होतो.)

तर निवड झाली, शाखा मिळाली. पहिला आठवडा ‘ओरिएंटेशन’चा. त्यात केवायसी, ताळेबंद, जोखीम व्यवस्थापन असं काय काय सांगतील. लिहून घ्या, वहीत छान दिसतं. खरं प्रशिक्षण पासबुकच्या प्रिंटरपाशी सुरू होतं. हे यंत्र पासबुक आत घेतं, पण बाहेर देईलच असं नाही. कडक जुनं पासबुक डाव्या कोपऱ्यात बोटाने दाबून सरळ धरावं लागतं, नाहीतर चौथ्या ओळीवर नववी ओळ छापली जाते आणि आजोबा म्हणतात, “अहो, माझी पेन्शन पुसली की!” ही विद्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. ती शिकलात की शाखेत तुमच्या शब्दाला वजन येतं.

मग येतो मोबाइल ॲप सुरू करून देण्याचा विषय. तुमच्या टेबलामागच्या भिंतीवर पोस्टर असेल: ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ त्याच्या बरोबर खाली बसून तुम्ही म्हणायचं, “आजोबा, ओटीपी आला का? सांगा पटकन, जाईल नाहीतर.” आजोबा एकदा पोस्टरकडे बघतील, एकदा तुमच्याकडे. तुम्ही हसायचं. रोजचं ॲपचं टार्गेट तुम्हाला आहे, पोस्टरला नाही.

टार्गेट म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगणार नाही; ते व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं, शक्यतो रात्री. प्रशिक्षणार्थीला टार्गेट नसतं, फक्त ‘अपेक्षा’ असतात, आणि त्या पूर्ण झाल्या का हे संध्याकाळी पाचच्या आत आकड्यात कळवायचं असतं. सगळ्यात आधी घरच्यांची खाती काढा. मग मामाचा विमा, आत्याचं क्रेडिट कार्ड, कॉलेजच्या मित्राची एसआयपी. नात्यागोत्याला बँकिंगमध्ये इतकं महत्त्व का, ते तेव्हा कळेल. साधारण तिसऱ्या महिन्यात आत्या फोन उचलायची बंद होते. यालाच मार्केट सॅच्युरेशन म्हणतात.

जून महिन्यासाठी ठाम आवाजात बोलायला शिका. मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रधानमंत्र्यांच्या नावाच्या दोन सरकारी योजनांचे, जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये, खात्यांतून आपोआप कापले जातात, आणि जून उजाडला की लोक पासबुक भरून काउंटरवर येतात. “माझे ४३६ कुठे गेले?” विम्याला गेले. “मी कधी विमा काढला?” यावर, मावशी, तुमची सही आहे बघा, असं म्हणत फॉर्म शोधायला जायचं आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत यायचं नाही. त्या फॉर्मवर सही घेणारा गेल्या वर्षीचा शिकाऊ मुलगा आता एका मोबाइलच्या दुकानात आहे. उत्तर फक्त त्यालाच माहीत होतं.

मात्र थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे यायला लागले, तेव्हा राज्यभर शाखांपुढे सकाळी आठपासून बायका उभ्या होत्या. जुलै-ऑगस्टचे मिळून ३,०००. कोणाच्या मैत्रिणीचे आले, हिचे नाहीत. तुम्ही स्टाफच्या कोणाच्या तरी मागे उभे राहून स्क्रीनवर वाकून बघायचं, कारण तुम्हाला लॉगिन नाही.

“ताई, तुमचं आधार दुसऱ्याच बँकेला लिंक आहे.”

“दुसऱ्या बँकेत माझं खातंच नाही.”

मग दहा मिनिटं खोदल्यावर निघतं, की काही वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं होतं, तिथे अंगठा दिला होता, झिरो बॅलन्स खातं निघालं होतं, पासबुक सासूने कुठेतरी ठेवलंय. थेट लाभाचा पैसा शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं गेलं तिथे जातो, ही गोष्ट त्या बाईला समजेल अशा भाषेत सांगणं, तेही मागे साठ जणी ओरडत असताना, हे बँकिंग आहे. ज्याला ते जमलं त्याला खरोखर काही आलं. तुमच्या सर्टिफिकेटवर त्याचा उल्लेख नसेल. तिथे ‘एक्स्पोजर टू रिटेल ऑपरेशन्स’ असं लिहिलेलं असेल.

वर्ष संपलं की समारंभ होतो: समोसा, ग्रुप फोटो, लिंक्डइनवर पोस्ट. ‘ग्रेटफुल’ हा शब्द आला पाहिजे. त्याच आठवड्यात कळतं, की प्रशिक्षण पूर्ण केलं म्हणून नोकरी द्यायला बँक बांधील नाही. क्लार्कची परीक्षा सगळ्यांसारखी द्यायची. आता क्लार्क म्हणू नका, आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) जाहिरातीत त्या पदाचं नाव ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालंय. तेव्हा तोच क्लास पुन्हा लावा. जुने विद्यार्थी म्हणून फीमध्ये सवलत मागायला लाजू नका.

शेवटच्या दिवशी ओळखपत्र परत करताना साहेब म्हणतील, “तुझ्यासारखा मुलगा आम्हाला हवा होता.” भूतकाळाकडे लक्ष देऊ नका. सोमवारी नवीन बॅच येतेय, तेव्हा त्या पोरांना पासबुक कुठल्या कोपऱ्यात दाबायचं ते दाखवूनच जा. साहेबांना ते अजून जमत नाही.